चुका दिसतील असा पेपर निवडा

वाचकांचे प्रश्न : घरी शिकणाऱ्या हुशार मुलांसाठी वरच्या इयत्तेच्या चाचण्या

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेत जात नाही, घरीच शिकते. वयाने चौथीतली. चौथीच्या पातळीचा गणिताचा कुठलाही पेपर दिला की ४० पैकी ३८, ३९, कधी पैकीच्या पैकी. सगळे कौतुक करतात, पण तिला पुढे काय शिकवायचं हे त्या गुणांवरून कळत नाही. वरच्या इयत्तेची परीक्षा द्यायला लावावी का? आणि लावली तर कितवीची? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, तुमची अडचण मुलीची नाही, पेपरची आहे. पाच फुटी पट्टीने सहा फुटी माणूस मोजला तर पट्टी ‘पाच’च सांगणार. साडेपाच फुटी माणसालाही तोच आकडा मिळणार. चौथीच्या पेपरात ३९ गुण मिळवणाऱ्या दोन मुलींपैकी एक पाचवीच्या उंबरठ्यावर असू शकते आणि दुसरी आठवीची बीजगणितं सोडवत असू शकते. पेपर दोघींना एकाच रांगेत बसवतो. म्हणून पट्टी बदलायची.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७२ मध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशासाठीची सॅट परीक्षा, तिचा गणिताचा भाग, द्यायला लावली. स्वतःच्या इयत्तेत सगळी ‘पहिली’ येणारी ही मुलं त्या पेपरात दूरदूर पसरलेली दिसली. कुणाला जेमतेम जमलं, तर कुणी बारावीच्या मुलांनाही मागे टाकलं. तेव्हापासून रूढ झालेला ढोबळ नियम असा की स्वतःच्या इयत्तेच्या प्रमाणित चाचणीत ९५व्या पर्सेंटाइलच्या (म्हणजे शंभरातल्या ९५ मुलांच्या पुढे) आसपास किंवा वर असलेल्या मुलालाच वरची चाचणी द्यावी. तुमची मुलगी या अटीत बसेल असं दिसतं.

आता कितवीची? हे फी भरून शोधू नका, आधी घरी शोधा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे मागचे पेपर परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतात. पाचवीच्या पहिल्या पेपरात ७५ प्रश्न असतात, त्यातले ५० गणिताचे. तेवढेच घ्या आणि ६० मिनिटं लावा. मूळ परीक्षेत ७५ प्रश्नांना ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. ५० प्रश्नांना ६० मिनिटं दिली की तोच हिशेब पाळला जातो.

घड्याळ संपल्यावर पेपर काढून घेऊ नका. ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते आणि खरी माहिती तिथेच असते. वेळ संपली की तिच्या हातातलं पेन बदला, निळ्याच्या जागी काळं द्या, आणि ‘आता हवा तेवढा वेळ घे’ म्हणा. दोन रंगांमुळे दोन गुण हाती येतात, वेळेत मिळालेले आणि वेळेची मर्यादा नसताना मिळालेले. वेळेत २६ आणि नंतर ४१ असतील तर तिला गणित येतं, वेगाची सवय नाही. वेळेत २६ आणि नंतर २८ असतील तर तिला येणारं गणितच तिथे संपलं. या दोन मुलींना पुढे शिकवायचं वेगवेगळं.

गुण कसे वाचायचे तेही आधी ठरवून ठेवा. चार पर्यायांच्या ५० प्रश्नांत डोळे मिटून गोल रंगवले तरी साधारण १२-१३ बरोबर येतात, आणि नशीब चांगलं असेल तर १८-१९ सुद्धा. म्हणून २० च्या खालचा गुण काही सांगत नाही, पेपर फार वरचा झाला. दुसऱ्या टोकाला ४३-४४ च्या वर गेलं की पुन्हा पट्टी तोकडी पडली. साधारण २२ ते ४० मध्ये जो पेपर तिला ठेवतो, तो तिचा पेपर. पाचवीच्या पेपरात ४४ च्या वर गेली तर थेट आठवीच्या शिष्यवृत्तीचा गणिताचा भाग द्या. त्यात काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय निवडावे लागतात, हे तिला आधी सांगा; नाहीतर येत असलेली गणितंही चुकतील. मधली पायरी हवी असेल तर २०१६ पूर्वी ही परीक्षा चौथी-सातवीला असायची, त्या काळातले सातवीचे पेपर कुणाकडे ठेवलेले असतील तर मागून घ्या. इंग्रजी वाचता येत असेल तर अमेरिकेतल्या एएमसी ८ या स्पर्धेचे जुने पेपर नेटवर फुकट मिळतात. ते आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असतात, २५ प्रश्न, ४० मिनिटं, पाच पर्याय. तिथे अंदाजाने ५ येतात, त्यामुळे ९-१० पर्यंतच्या गुणांवर विसंबू नका.

प्रत्येक विषयाची पातळी वेगळी काढा. घरी शिकणाऱ्या मुलांत गणित चार इयत्ता पुढे आणि लेखन जेमतेम एक इयत्ता पुढे, असं अगदी सहज असतं. दोन्हीला एकच ‘सातवीची परीक्षा’ दिली तर एकीकडे पट्टी तोकडी पडते आणि दुसरीकडे मूल खचतं.

घरच्या चाचणीत बिघडतं ते बहुतेक आपल्यामुळे. आई प्रश्न वाचून दाखवते आणि वाचताना नेमक्या शब्दावर जोर देते. बाबा ‘पुन्हा एकदा बघ बरं’ म्हणतात, आणि मूल ओळखतं की इथे चुकलंय. असं मिळालेलं उत्तर तिचं नाही. दुसऱ्या खोलीत बसा. शक्य असेल तर घराबाहेर घ्या. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या शांत वाचनालयातलं एक टेबल स्वयंपाकघराच्या ओट्याजवळच्या खुर्चीपेक्षा कितीतरी खरी परीक्षा घेतं.

एक सावधगिरी. शिष्यवृत्तीच्या पेपरवरून पर्सेंटाइल काढू नका. ती निवड परीक्षा आहे, तिची गुणवत्ता यादी लागते. तिच्यात बसायचं तर अर्ज शाळेमार्फतच जातो, त्यामुळे शाळेत नाव नसलेल्या मुलाला हे पेपर फक्त सरावाला आणि पातळी शोधायला वापरता येतात. त्या कामासाठी मात्र मराठीत यांच्याइतकं चांगलं साहित्य दुसरं नाही.

प्रश्न : घरच्या चाचणीतून मुलाची पातळी कळली आहे. वय ११, गणितात नववीच्या जवळ. आता बाहेरची, खऱ्या अर्थाने प्रमाणित चाचणी हवी आहे. नेटवर सॅट, स्कॅट, मॅप अशी नावं दिसतात. कोल्हापुरात राहून यातलं काय शक्य आहे? – एक वडील, उचगाव

आधी स्वतःला विचारा, हा गुण कुणाला दाखवायचा आहे? कुणालाच नाही, फक्त पुढचा अभ्यास ठरवायचा आहे, असं उत्तर असेल तर घरची चाचणी बऱ्याचदा पुरते आणि पुण्या-मुंबईच्या केंद्रावर जायचा खर्च वाचतो. एखाद्या उपक्रमाला प्रवेश हवा असेल तर तो उपक्रम कोणता गुण मानतो ते आधी त्यांच्याकडून लेखी घ्या आणि तीच चाचणी द्या. चाचणी आधी आणि कारण नंतर, असा उलटा क्रम लावला की पैसे फुकट जातात.

स्कॅट ही वरच्या इयत्तेच्या चाचणीसाठीच वापरली जाते. जॉन्स हॉपकिन्सचं प्रज्ञावंत मुलांचं केंद्र आपल्या उपक्रमांच्या प्रवेशासाठी ती वापरत आलं आहे. तिचे दोन भाग आहेत, भाषिक आणि संख्यात्मक. प्रत्येक भागात ५५ प्रश्न आणि २२ मिनिटं, आणि त्यातले ५० प्रश्न गुणांत धरतात. भाषिक भागात शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचं असतं, संख्यात्मक भागात दोन राशींची तुलना करायची असते. दुसरी-तिसरीच्या मुलांना चौथी-पाचवीची पातळी, चौथी-पाचवीच्या मुलांना सहावी ते आठवीची, आणि सहावीपासून पुढच्यांना नववी ते बारावीची. तुमचा मुलगा वयाने सहावीत धरला तर सर्वांत वरच्या पातळीत जाईल, पाचवीत धरला तर मधल्या. घरी शिकणाऱ्या मुलाची इयत्ता अर्जात पालकच लिहितात. तिथे वयानुसार लिहा. ‘अभ्यास नववीचा चालू आहे’ म्हणून नववी लिहिलं तर तुलना नववीच्या मुलांशी होईल आणि वरच्या इयत्तेची चाचणी घेण्याचा हेतूच जाईल. ही चूक फार होते.

सॅट आता संगणकावर होते. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न ६४ मिनिटांत, गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत, एकूण गुण ४०० ते १६००. प्रत्येक विषयाचे दोन टप्पे असतात आणि पहिला टप्पा कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. लहान मुलांचं इथे एक नुकसान होतं. सुरुवातीला घाबरून पहिल्या टप्प्यात चुका केल्या की सोपा दुसरा टप्पा मिळतो, आणि त्यात सगळं बरोबर आलं तरी गुण एका मर्यादेच्या वर जात नाहीत. म्हणून पहिल्या टप्प्यात वेग नको, अचूकपणा हवा, हे त्याला पक्कं सांगा. कॅल्क्युलेटर पूर्ण गणिताला चालतो आणि परीक्षेच्या ॲपमध्येच आलेख काढणाराही असतो. घरी पाटी-पेन्सिलीवर शिकलेल्या मुलाला त्याची सवय नसते. आठवडाभर तरी हात बसवून घ्या.

तेरा वर्षांखालच्या मुलाला सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेचं ऑनलाइन खातं उघडता येत नाही, नोंदणीचा मार्ग वेगळा असतो. जन्मतारीख बदलून खातं उघडायचा मोह कुणी सुचवेल, करू नका. केंद्रावर ओळखपत्राशी तारीख जुळली नाही तर मूल दारातून परत येईल. मुलाचा पासपोर्ट आधीच काढून ठेवा. खातं नसल्याने ॲपवरचा सराव अडेल, पण बोर्डाचे छापील सराव पेपर फुकट उतरवून घेता येतात. ते मुलाप्रमाणे बदलत नाहीत, म्हणून त्यावरचा गुण एका आकड्याऐवजी पट्ट्यातच वाचा.

केंद्र पुण्याला किंवा मुंबईला मिळेल असं धरून बेत करा. पुणे आपल्यापासून साधारण २३० किलोमीटर. पहाटेची गाडी धरून थेट केंद्रावर जाऊ नका. आदल्या दिवशी दुपारीच निघा, रात्री तिथे झोपा, संध्याकाळी केंद्राचा दरवाजा मुलाला दाखवून आणा. अकरा वर्षांच्या मुलाला सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात बसायचं आहे. ते दृश्य त्याला सकाळी पहिल्यांदा दिसू नये.

मॅप ग्रोथ ही चाचणी आमच्या मते पालकांना सर्वांत उपयोगी पडेल अशी आहे, कारण ती मुलाप्रमाणे बदलत जाते. बरोबर उत्तर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. गुण ‘रिट’ नावाच्या एकाच मोजपट्टीवर येतो, त्यामुळे पुढच्या वर्षीचा गुण मागच्याशी थेट ताडता येतो. मात्र ती शाळांना विकली जाते. जी आंतरराष्ट्रीय शाळा ती वापरते, तिच्याकडे बाहेरच्या मुलाला बसू देता का, अशी विनंती करावी लागते. आणि मुलाला एक गोष्ट आधी सांगायलाच हवी : या चाचणीत जवळजवळ निम्मे प्रश्न प्रत्येकाचेच चुकतात, तिची रचनाच तशी आहे. ज्याचं कधी काही चुकलेलं नाही ते मूल नाहीतर विसाव्या प्रश्नाला रडकुंडीला येतं.

आपल्या देशातली, आपल्याच मुलांशी तुलना करणारी चाचणी हवी असेल तर एज्युकेशनल इनिशिएटिव्हजची ॲसेट पाहा. तिसरी ते दहावी, आणि घोकंपट्टीपेक्षा समज तपासणारे प्रश्न. निकालात प्रत्येक कौशल्याचा वेगळा हिशेब येतो. तिच्यात वरच्या टोकाला आलेल्या मुलांसाठी त्याच संस्थेची टॅलेंट सर्च चाचणी असते, आणि ती वरच्या इयत्तेच्या पातळीची. सॅट-स्कॅटच्या मागे धावण्याआधी हा जिना चढून पाहावा असं आमचं मत आहे.

प्रश्न : मुलगा मराठीतून शिकतो. इंग्रजी वाचतो, पण हळू. या सगळ्या परीक्षा इंग्रजीतच आहेत. त्याची हुशारी त्यात दिसेल का? – गडहिंग्लज

भाषेच्या भागात नाही दिसणार. ज्याला इंग्रजी शब्द अडतो त्याला इंग्रजी शब्दांच्या जोड्या दिल्या तर मोजलं जातं ते इंग्रजी. त्याच्या भाषिक बुद्धीचा त्यातून अंदाज येत नाही. असा कमी गुण त्याच्या माथी मारू नका, आणि वहीतही लिहून ठेवू नका.

गणितात तपासणी सोपी आहे. एकाच पातळीचे २० प्रश्न मराठीत आणि तशाच दुसऱ्या २० प्रश्नांचा संच इंग्रजीत द्या, मध्ये दोन दिवस जाऊ द्या. फरक दोन-तीन गुणांचा असेल तर इंग्रजी चाचणी चालेल. सात-आठ गुणांचा असेल तर तो फरक भाषेचा आहे. बहुधा अडतात ते ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’, ‘अनुक्रमे’, ‘शेष’, ‘लगतची’ यांचे इंग्रजी शब्द. अशा पन्नासेक शब्दांची यादी भिंतीवर लावली तर दोन महिन्यांत हा अडथळा बराच कमी होतो.

मराठीत वरची पातळी शोधायला आठवी शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरातला बुद्धिमत्ता चाचणीचा भाग वापरा, ५० प्रश्न. भाषेवर न विसंबणारं मापन हवं असेल तर मानसशास्त्रज्ञांकडून रेव्हनच्या आकृतिबंधांची चाचणी करून घेता येते. तिची प्रगत आवृत्ती मोठ्यांसाठीही पुरी अवघड आहे, त्यामुळे तिथे पट्टी तोकडी पडायची भीती कमी.

प्रश्न : इचलकरंजीत राहतो. मुलीची बुद्ध्यंक चाचणी करून घेतली, १४२ आला. मग आणखी वरच्या इयत्तेची परीक्षा कशाला हवी?

दोन्हींचं काम वेगळं आहे. बुद्ध्यंक सांगतो की मूल किती वेगाने आणि किती खोल शिकू शकेल. आज त्याला अपूर्णांकांचा भागाकार येतो की नाही हे तो सांगत नाही. अभ्यास ठरवायला दुसरी माहिती लागते.

शिवाय १४२ हा आकडा कुठल्या चाचणीतला ते पाहा. आपल्याकडे अजून बिने-कामत चाचणी वापरली जाते. कामतांनी ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. आपल्या भागासाठी ते मोठं काम होतं. मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणीही १९६०च्या दशकातली. पण एका पिढीच्या मुलांवरून ठरवलेले मानदंड दोन-तीन पिढ्यांनंतरच्या मुलांना लावले की आकडे फुगतात, हे जगभर दिसलेलं आहे. म्हणून अहवाल हातात घेताना विचारा : चाचणीचं नाव आणि आवृत्ती काय, मानदंड कोणत्या वर्षाचे, उपचाचण्यांचे गुण वेगवेगळे दिले आहेत का, आणि मुलगी कुठल्या उपचाचणीत शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचली. तुमच्या या चौथ्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं. पोचली असेल तर तिथेही पट्टी संपली होती.

मुलीला नीट, मराठीतून आणि सवडीने तपासून घ्यायचं असेल तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेकडे चौकशी करा. प्रज्ञावान मुलांवर तिथे दीर्घकाळ काम झालं आहे.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा. दहावीचा अभ्यास झाला आहे. थेट दहावीचीच परीक्षा द्यायला लावली तर? – जयसिंगपूर

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला खासगीरीत्या बसायच्या १७ नंबर फॉर्मला १४ वर्षं पूर्ण लागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीलाही तेच. केंब्रिजच्या आयजीसीएसईला वयाची अट नाही, पण खासगी विद्यार्थी घेणारी शाळा शोधावी लागते आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांची सोय आधी विचारावी लागते. एकच विषय, गणित, देता येतो. घाई नसेल तर दहावीच्या बोर्डाचे जुने पेपर घरी सोडवून घ्या आणि मांडणी दुसऱ्या कुणा शिक्षकांकडून तपासून घ्या. पर्याय निवडण्यात तरबेज झालेलं मूल पायऱ्या लिहिताना अडतं, हे तिथे लगेच उघडं पडतं.

प्रश्न : तीन इयत्ता वरच्या पेपरात मुलीला ५० पैकी २७ मिळाले. ती दोन दिवस बोलली नाही. आमचं चुकलं का? – कोल्हापूर

पेपर बरोबर निवडलात. तिला आधी सांगायचं तेवढं राहिलं. तिच्या दृष्टीने ५० पैकी २७ म्हणजे नापास, कारण आजवर तिने ४८ च्या खाली पाहिलंच नाही. तिला सांगा की या पेपरात तुझं थोडं चुकावं म्हणूनच तो आणला होता. चुकलं तिथूनच आपण सुरुवात करणार. पुढच्या वेळी हे पेपरच्या आदल्या दिवशी सांगा. आणि आकडा तिला लगेच सांगायची गरज नाही.

मग तिच्यासोबत बसून चुकलेले २३ प्रश्न चार ढिगांत वाटा : शिकलेच नव्हते, वाचताना चुकलं, आकडेमोड चुकली, वेळ संपली. ढीग तिनेच करायचे. पहिल्या ढिगातले प्रश्न बालभारतीच्या सहावी, सातवी, आठवीच्या गणिताच्या पुस्तकांत कुठे येतात ते शोधा. पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. आठवीत घातांक व घनमूळ, विस्तार सूत्रे, चलन अशी प्रकरणं आहेत. घरी झपाट्याने पुढे गेलेल्या मुलांत हमखास एक खड्डा सापडतो. समीकरणं सोडवतात, पण सरळव्याज कुणी शिकवलेलंच नसतं. किंवा कोनमापक हातात धरलेला नसतो. असा खड्डा असेल तर पूर्ण इयत्ता करत बसू नका, तेवढंच प्रकरण दोन-तीन दिवसांत करून घ्या.

निकालपत्रावर ‘इयत्ता-समतुल्य ८.५’ असं काही लिहिलेलं आढळलं तर त्यावरून तिला आठवीत बसवू नका. पाचवीच्या पेपरवरचं ८.५ म्हणजे आठवीच्या मध्यावरचं सरासरी मूल पाचवीच्या त्याच पेपरात जेवढे गुण मिळवेल तेवढे हिने मिळवले, एवढंच. आठवीचा अभ्यास तिला विचारलेलाच नसतो.

तोच पेपर पुन्हा देऊ नका, प्रश्न लक्षात राहतात. त्याच पातळीचा दुसरा पेपर सहा महिन्यांनी द्या, आणि वर्षातून दोनापेक्षा जास्त नको. त्या वेळी ती दोन-चार गुणांनी खाली-वर झाली तर काहीच झालं नाही असं समजा. एवढी हालचाल प्रत्येक चाचणीत असते. आठ-दहा गुणांनी वर गेली तर पुढचा पेपर एक इयत्ता वरचा शोधायला लागा.